खार, कबुतरं आणि दाण्याचा खांब : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

कामाला हात घालण्याआधी आजची स्थिती लिहून ठेवते. बागेत दोन फीडर आहेत. एक उभ्या पारदर्शक नळीचा, पेरूच्या फांदीला टांगलेला. दुसरा म्हणजे कुंपणालगतच्या खुंटावर ठोकलेला उघडा लाकडी पाट. दोन्हींत पक्ष्यांसाठी म्हणून मिळणारा मिश्र दाणा असतो. तो चिमण्या, मुनिया आणि होल्यांसाठी ठेवायचा, पण नळी खारी रिकामी करतात, पाटावर कबुतरांचा ठिय्या असतो आणि खाली सांडलेलं रात्री उंदीर नेतात. मुनियांचा थवा पेरूवर येतो, जरा वेळ बघतो आणि निघून जातो.

दाणा ज्यांच्यासाठी आहे त्यांना मिळावा आणि तो खाताना त्यांच्या जिवाला धोका नसावा, एवढंच या प्रकल्पात साधायचं आहे.

मर्यादाही आत्ताच ठरवते, म्हणजे पुढे वैताग आला तरी हात तिकडे जाणार नाही. चिकट सापळे नाहीत. विष नाही. खांबाला ग्रीस किंवा तेल नाही. खार पकडून लांब नेऊन सोडणंही नाही. अनोळखी जागी तिला ना लपायची पोकळी ठाऊक, ना पाणी, ना शत्रू कुठून येतो ते. शिवाय इथला दाणा तसाच उघडा राहिला तर तिची जागा दुसरी खार घेणारच.

६ नोव्हेंबर

सध्या काहीही न बदलता फक्त बघते आहे.

खार फांदीवरून डोकं खाली करून नळीवर उतरते आणि मागच्या पायांवर लटकून पुढचे दोन्ही पाय दाणा खायला मोकळे ठेवते. खारीचे मागचे घोटे पूर्ण उलटे वळतात, पावलं मागे फिरतात आणि नख्या वर रुतून राहतात, म्हणून तिला हे जमतं. मांजराला झाडावरून उतरताना जी अडचण येते ती हिला येत नाही. त्यामुळे फीडर उंच टांगल्याने किंवा लांब दोरीवर सोडल्याने काहीही साधत नाही.

नळीची प्लास्टिकची भोकं कुरतडून मोठी झाली आहेत. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवण्यासाठी तिला कुरतडावंच लागतं. मोठ्या झालेल्या भोकांतून दाणा आपोआप गळतो. म्हणजे खार नसतानाही सांड चालूच राहते. नवा फीडर धातूच्या तोंडांचाच हवा.

कबुतरं नळीवर बसत नाहीत, त्यांना सपाट जागा लागते. ती पाटावर येतात आणि खालचं सांडलेलं वेचतात. पोपट सूर्यफुलाच्या बियांसाठी येतात, अर्ध्या खातात आणि अर्ध्या टाकतात. साळुंक्या भांडत भांडत येतात पण फार वेळ थांबत नाहीत. जास्वंदीच्या झुडपाखाली शेजारचं मांजर दबा धरून बसलेलं दिसलं. ही गोष्ट मला खारीपेक्षा गंभीर वाटते.

दाणा खाली सांडण्याचं पहिलं कारण मिश्रण हेच आहे. चिमणी हवा तो दाणा मिळेपर्यंत बाकीचे चोचीने डावी-उजवीकडे उडवते. त्या उडवलेल्या दाण्यांवर कबुतरं आणि उंदीर पोसले जातात. वर काहीही यंत्रणा बसवली तरी खालचा हा फराळ चालू असेपर्यंत नको ते पाहुणे हलणार नाहीत.

९ नोव्हेंबर

मिश्र दाणा बंद. एका फीडरमध्ये एकच धान्य. नळीत राळे. दुसऱ्या, बारीक भोकांच्या नळीत कारळे. सूर्यफूल तूर्त नाही.

कारळ्याची बी बारीक आणि तेलकट असते. चिमुकल्या चोचीच्या पक्ष्यांना ती सोयीची. खारीला एवढ्या बारीक बिया वेचत बसणं परवडत नाही, निदान जवळपास दुसरं काही सोपं असेपर्यंत. परदेशांत छोट्या फिंच पक्ष्यांसाठी हीच बी फीडरमध्ये घालतात. तिथे ती उगवून तण होऊ नये म्हणून आयात करताना भाजून घेतात.

१५ नोव्हेंबर

सांड स्पष्टपणे कमी झाली आहे, होले मात्र तेवढेच येतात. खाली उरलेलं सकाळी झाडून घेते.

आज वजनांचा विचार केला. खारींना अडवणारे जे फीडर तयार मिळतात ते बहुतेक उत्तर अमेरिकेतल्या करड्या खारीला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले आहेत. ती खार साधारण ४०० ते ६०० ग्रॅमची. इतकं वजन दांडीवर पडलं की स्प्रिंग दबते, दाण्याची तोंडं बंद होतात. तिथे चिमणी आणि खार यांच्या वजनात प्रचंड अंतर असतं, त्यामुळे ही युक्ती चालते.

माझ्याकडे येणारी पट्ट्यांची खार जेमतेम १०० ग्रॅम भरते. साळुंकीही जवळपास तेवढीच. चिमणी २५ ते ३० ग्रॅम, ठिपकेवाली मुनिया १५ च्या आसपास, बुलबुल ४०, पोपट १२० च्या पुढे, कावळा आणि कबूतर ३०० च्या घरात. म्हणजे तीन-चार चिमण्या एका दांडीवर बसल्या की एका खारीएवढं वजन झालंच. स्प्रिंग खारीसाठी लावावी तर चिमण्यांचा थवा उपाशी राहतो, चिमण्यांसाठी घट्ट ठेवावी तर खार जेवते. कबुतराला मात्र हा फीडर नक्की अडवेल.

२१ नोव्हेंबर

एका मैत्रिणीने तिच्याकडचा स्प्रिंगचा फीडर वापरून बघायला दिला. स्प्रिंग सगळ्यात हलक्या खुणेवर ठेवली. खारीने दांडीवर पाय ठेवलाच नाही. वरून लटकून, सगळा भार झाकणावर ठेवून तिने फीडरच्या तोंडांतून दाणे काढले. वजन दांडीवर पडलं तरच ही योजना चालते. एवढ्या छोट्या, लवचीक प्राण्याला दांडीची गरजच नाही. फीडर परत दिला.

२८ नोव्हेंबर

जाळीची चाचणी. नळीभोवती ५० मिमी चौकटीच्या वेल्डमेशचा पिंजरा केला. चौकट आणि नळी यांच्यात वीतभर अंतर ठेवलं, कारण कावळा आणि पोपट बाहेरून चोच घालून दाणा ओढू शकतात.

कबुतरं आणि कावळे बंद झाले. पोपट पिंजऱ्याला लटकून बराच वेळ प्रयत्न करत राहिले आणि गेले. चिमण्या पहिले काही तास बिचकल्या, मग सरळ आत शिरू लागल्या. मुनियांना तर पिंजरा जास्तच आवडला असं वाटतं. आत असताना त्या डोकं वर करून टेहळणी कमी करतात.

खारही आत जाते. न अडखळता, शेपटीसकट.

चौकट लहान करून पाहायचा मोह होतो, पण हिशेब जुळत नाही. चिमणीच्या घरट्याच्या पेटीला ३२ मिमीचं भोक ठेवतात. त्याहून फार लहान चौकट केली तर चिमणीच अडकेल. आणि जिथून चिमणी जाते तिथून ही खारही अंग आकसून जाते. वजनाने नाही आणि रुंदीनेही नाही, या दोघींना वेगळं करणारा फरक एकच उरतो: एक उडत येते, दुसरी चढून किंवा उडी मारून येते. त्यामुळे फीडरचा विचार बाजूला ठेवून आता तिथे पोचायच्या वाटेचा विचार करायचा.

पिंजरा ठेवते. तो कबुतरांसाठी.

५ डिसेंबर

जागा शोधणं हेच या प्रकल्पातलं सगळ्यात अवघड काम निघालं.

करड्या खारीसाठी पाच-सात-नऊ असा ठोकताळा सांगतात: जमिनीवरून ती ५ फूट वर उडी मारते, बाजूच्या झाडावरून ७ फूट आडवी, आणि वरून ९ फूट खाली. आमची खार अंगाने बरीच लहान आहे, तरी मी अंतर कमी धरत नाही. वाऱ्याने फांदी फीडरकडे झुकते तेव्हा हातभर अंतर असंच गळून जातं. म्हणून सगळ्या बाजूंनी १० फूट, म्हणजे ३ मीटर मोकळं, असं ठरवलं.

हेच ३ मीटर मांजरासाठीही लागू पडतात. झुडूप फीडरला खेटून असलं तर मांजर एका झेपेत पोचतं. झुडूप फारच लांब असलं तर शिकारी पक्षी आल्यावर छोट्या पक्ष्यांना आसरा मिळत नाही. ३ मीटरवर दाट झुडूप म्हणजे पक्ष्याला एका भरारीत गाठता येतं आणि मांजराला मधलं उघडं अंतर ओलांडावं लागतं.

अडचण काचेची. बागेत चारही बाजूंनी ३ मीटर मोकळी अशी एकच जागा आहे आणि ती बैठकीच्या मोठ्या खिडकीपासून साधारण ५ मीटरवर येते. काचेवर पक्षी आपटून मरण्यावर अमेरिकेतले डॅनियल क्लेम कित्येक दशकं काम करत आहेत. त्यांच्या अभ्यासांतून दिसलं आहे की फीडर काचेपासून मीटरभराच्या आत असेल तर पक्ष्याला जीवघेणा वेग येत नाही. खूप दूर असेल तर पक्षी खिडकीकडे वळण्याची शक्यता कमी. मधला पट्टा वाईट, आणि माझी जागा नेमकी त्यात. खिडकीला लागून ठेवावा तर खिडकीच्या गजांवरून खार सहज येईल.

म्हणून जागा तीच ठेवून काच बदलायची.

८ डिसेंबर

काचेच्या बाहेरच्या बाजूने पांढऱ्या रंगाचे ठिपके, उभे-आडवे ५ सेमी अंतरावर, सगळ्या काचेभर. बाहेरूनच करायला हवेत, कारण आकाशाचं आणि झाडांचं प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर पडतं आणि आतले ठिपके त्यामागे झाकले जातात. काचेच्या मधोमध ससाण्याचं एकच चित्र चिकटवण्याचा काही उपयोग नाही. पक्षी त्या चित्राला टाळतो आणि शेजारच्या मोकळ्या काचेत घुसतो. घरातून बाहेर बघताना ठिपके पहिल्या दिवशी डोळ्यांत खुपले, आता लक्षातही येत नाहीत.

१४ डिसेंबर

खांब उभा राहिला. तपशील:

२५ मिमीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप, अर्धा मीटर जमिनीत सिमेंटमध्ये, दोन मीटर वर. टोकाला दोन वाकवलेले हूक, दोन्ही नळ्यांसाठी. दाण्याची तोंडं जमिनीपासून १.६ मीटरच्या वर.

खांबाच्या मध्यावर अडथळा: १६० मिमी व्यासाचा, ६० सेमी लांबीचा पीव्हीसी पाईप, वरून टोपी लावून बंद, खालून उघडा. टोपीला मधोमध भोक पाडून तो खांबात ओवला आहे आणि वरचं टोक १.४ मीटरवर येईल असा एका होज क्लिपवर (पाईपभोवती आवळायच्या धातूच्या पट्टीवर) टेकवला आहे. घट्ट बसवलेला नाही, हात लावला की डुलतो. खार खांबावरून चढते ती थेट या नळकांड्याच्या पोटात जाते आणि वर झाकण लागतं. बाहेरून चढायचं तर १६० मिमीच्या गुळगुळीत पाईपला तिचे पाय कवेत घेऊ शकत नाहीत, नख्यांनाही पकड मिळत नाही, वर तो हलतो. खांबाभोवतीची टोपीतली फट बारीक जाळी कोंबून बंद केली आहे. तिथे बोटभर जागा राहिली तरी खार पुरेपूर वापरेल.

लाकडी पाट काढून टाकला. कुजलेल्या कडांमध्ये जुना दाणा आणि विष्ठा अडकलेली होती.

१५ डिसेंबर

खार खांबावर चढली, नळकांड्यात गेली, खाली आली. पुन्हा. मग बाजूला बसून शेपटी झटकत बराच वेळ बोलत होती.

१९ डिसेंबर

नळीवर खार! वाट सापडायला दुपार झाली. कपडे वाळत घालायची दोरी खांबावरून सरळ जात नाही, पण दोन मीटर बाजूने आणि चांगली उंचावरून जाते. ती दोरीवरून चालत आली आणि तिरकी खाली सुटली. दोरी घराच्या भिंतीलगत हलवली. पाच-सात-नऊमधला नऊ लोक विसरतात, कारण वर बघत नाहीत. वायर, दोरी, वेल, छपराची कड, सगळं मोजायला हवं.

२७ डिसेंबर

दोरी हलवल्यापासून नळीवर खार नाही. मुनियांचा थवा आता रोज येतो आणि खाऊनच जातो. प्रकल्प सुरू केल्यापासून हा सगळ्यात आनंदाचा आठवडा.

६ जानेवारी

शेजारच्या काकूंशी बोलणं झालं. त्यांच्या गच्चीच्या कठड्यावर कबुतरांची विष्ठा साचते, माझ्या दाण्यामुळेच ती या बाजूला आली असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. मी सांगितलं, "काकू, पाट काढलाय, आता खाली सांडलेलंही ठेवत नाही. अजून दोन आठवडे बघा, नाही हटली तर मला हाक मारा." काकू म्हणाल्या, "बघते गं, पण माझा खोकला त्यांना बघून वाढतो एवढं खरं."

ते बोलणं मी हलक्यात घेतलं नाही. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीचा सतत संपर्क आला तर काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते आणि ती लांबली तर कायमची इजा होते. या विष्ठेत क्रिप्टोकोकस बुरशीही वाढते. कठडा कोरडा झाडू नका, आधी पाणी मारा आणि नाक-तोंड बांधा, असं त्यांना सांगितलं. साफ करायला मीही गेले.

१२ जानेवारी

खाली पडणारा दाणा पूर्ण थांबत नाही. पिंजऱ्याखाली अर्धा मीटर व्यासाची ताटली लावली, तळाला बारीक जाळी, म्हणजे पाणी साचणार नाही. ताटली पिंजऱ्याच्या तळाला चिकटून आहे, वर कबुतराला उभं राहायला जागा उरत नाही. होल्यांची थोडी पंचाईत झाली. त्यांच्यासाठी सकाळी मूठभर राळे मोकळ्या फरशीवर टाकते आणि ते गेले की फरशी झाडते.

संध्याकाळचा नियम: अंधार पडायच्या आत ताटली रिकामी. दाणा मोजूनच भरायचा, दिवसाअखेर संपेल इतका. उंदरांवर हाच उपाय आहे. कंपोस्टच्या कोपऱ्यातली त्यांची वाट अजून वापरात दिसते, ताज्या लेंड्या आहेत. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून तिथे काम करताना हातमोजे आणि बूट घालते. विष का नाही, हे काकूंनीही विचारलं. उंदरांसाठी मिळणारी रक्त न गोठू देणारी विषं उंदराच्या शरीरात टिकतात आणि तो अर्धमेला उंदीर खाणाऱ्या घुबडापर्यंत पोचतात. जो प्राणी रात्रीत आपलं काम फुकट करतो त्यालाच मारून काय मिळवायचं?

२० जानेवारी

तिखटाबद्दल. दाण्याला मिरचीपूड लावा, खार पळेल आणि पक्ष्यांना काही होणार नाही, असा सल्ला मला अनेकांनी दिला. यामागचं विज्ञान पक्कं आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवरच्या एका ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवतं आणि आग झाल्याची जाणीव होते. पक्ष्यांमध्ये हाच ग्राहक थोडा वेगळा असतो आणि कॅप्सेसिनला जुमानत नाही. सन २००१ मध्ये ट्यूक्सबरी आणि नबान या संशोधकांनी रानमिरच्यांवर दाखवलं की तिखटपणा बी चावून नष्ट करणाऱ्या सस्तन प्राण्यांना दूर ठेवतो आणि बी न फोडता लांब पसरवणाऱ्या पक्ष्यांना अडवत नाही. पुढच्याच वर्षी जॉर्ट आणि डेव्हिड ज्युलियस यांनी कोंबडीच्या ग्राहकावर प्रयोग करून रेणूंच्या पातळीवरचं कारण सांगितलं. ज्युलियस यांना या ग्राहकाच्या शोधासाठी २०२१ चं नोबेल मिळालं.

तरीही मी हे करत नाही. पूड वाऱ्याने उडते, भरताना माझ्याच डोळ्यांत जाते. पहिल्या पावसात धुऊन निघते. तेलात कालवून लावली तर उन्हात दाण्याला खवट वास येतो. आणि खार खाल्ल्यावर पुढच्या पायांनी तोंड पुसते, ते पाय डोळ्यांवर फिरतात. खांब आणि नळकांडं काम करत असताना तिला अशी वेदना देण्याचं मला काहीच कारण दिसत नाही.

३० जानेवारी

करडई वापरून बघते आहे, मोठ्या तोंडाच्या तिसऱ्या नळीत. कवच जाड, चव कडवट, त्यामुळे खारींना ती फार आवडत नाही असा अनेक देशांतल्या लोकांचा अनुभव आहे. माझ्याकडे सांडलेली करडई खारीने हुंगून सोडली. पोपटांना मात्र करडई म्हणजे मेजवानीच. पिंजरा नसता तर नळी त्यांनी ताब्यात घेतली असती.

११ फेब्रुवारी

सकाळी शिक्रा, छोटा शिकारी पक्षी. नळीवरच्या चिमण्या झुडपात गेल्या, एक राहिली.

फीडर चार दिवस उतरवून ठेवते. शिक्रा नको असलेला पाहुणा आहे असं मला म्हणवत नाही, त्यालाही पोट आहे. पण मी पक्षी एका जागी गोळा करून त्याच्यापुढे वाढून ठेवणं बरोबर नाही. काही दिवस शिकार गोळा झाली नाही की तो आपला फेरा बदलतो.

१८ फेब्रुवारी

फीडर परत लावले. चिमण्या दुसऱ्या दिवशीच आल्या. खारीबद्दल मात्र माझं मत बदलत चाललं आहे.

आज मांजर कुंपणावरून उतरायच्या आधीच पेरूवरून खारीची चिरचिर सुरू झाली आणि नळीवरचे सगळे पक्षी एका क्षणात उडाले. हे मी आता पुष्कळदा पाहिलं आहे. उलटही घडतं असं अमेरिकेतल्या ओबरलिन कॉलेजच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं: ससाण्याचा आवाज ऐकवल्यावर करड्या खारी सावध होतात, पण त्यानंतर पक्ष्यांचा निवांत किलबिलाट ऐकू आला की त्या लवकर सैलावतात. दोघं एकमेकांच्या कानांवर जगतात. तेव्हा खार बागेत हवीच, फक्त नळीवर नको. तिच्यासाठी वेगळा दाणा ठेवत नाही. आयत्या दाण्यावर खारींची संख्या वाढेल आणि त्या पक्ष्यांच्या घरट्यांतली अंडीही कधी कधी खातात. पेरूची फळं आणि फुलं तिचीच आहेत, पाण्याचं भांडं सगळ्यांचं.

७ मार्च

मुंग्या. कारळ्याच्या तेलकट बियांवर रांग लागली. ग्रीसचा सल्ला लगेच आला. ग्रीस किंवा तेल पिसांना लागलं की निघत नाही. पिसांची एकमेकांत गुंतलेली रचना मोडते, ऊब आणि पाण्यापासूनचं रक्षण जातं, आणि पक्षी चोचीने साफ करताना ते पोटात जातं. त्यापेक्षा हूक आणि नळी यांच्यामध्ये पाण्याची उथळ वाटी बसवली. मुंग्यांना पाणी ओलांडता येत नाही. उन्हाने पाणी आटतं, सकाळच्या कामात वाटी भरणंही आलं.

९ एप्रिल

कावळ्यांची घरटी सुरू झाली. पाण्याच्या भांड्यात हाडं आणून बुडवतात. भांडं दिवसातून दोनदा धुते. त्यांना हुसकावत नाही. अमेरिकन कावळे त्रास देणाऱ्या माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात हे जॉन मार्झलफ यांच्या मुखवट्यांच्या प्रयोगांतून सिद्ध झालं आहे. आपले कावळे त्यांच्याहून कमी असतील असं मानायला मी तयार नाही.

पेरूच्या ढोलीत खारीची पिल्लं आहेत. लहान फांद्यांची छाटणी पुढे ढकलली, पण खांबाकडे वाढलेली एक फांदी आधीच ३ मीटरच्या आत आली होती, तेवढी कापली.

२ मे

आज फक्त स्वच्छतेबद्दल, कारण नको असलेल्या पाहुण्यांतला सगळ्यात घातक डोळ्यांना दिसत नाही.

ब्रिटनमध्ये २००५ पासून फिंच पक्ष्यांमध्ये ट्रायकोमोनोसिस हा परजीवीमुळे होणारा रोग पसरला आणि ग्रीनफिंचची संख्या झपाट्याने कोसळली. हा परजीवी मुळात कबुतरं आणि होल्यांमध्ये असतो. घशात सूज आणि चट्टे येतात, पक्षी गिळलेला दाणा बाहेर टाकतो आणि तोच ओला दाणा दुसरा उचलतो. अमेरिकेत १९९४ मध्ये हाऊस फिंचमध्ये डोळे सुजवणारा मायकोप्लाझ्मा जिवाणूचा रोग आला, तोही फीडरच्या तोंडांना डोळे-चोच घासल्याने पसरतो. साल्मोनेला हा जिवाणू विष्ठेतून पसरतो. म्हणजे कबुतरांना दाण्याच्या पाटावरून हटवणं हे काकूंच्या कठड्यापुरतं नव्हतं, ते मुनियांसाठीही तितकंच गरजेचं होतं.

दर आठवड्याला नळ्या सुट्या करून घासते. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, त्यात दहा मिनिटं बुडवून, मग भरपूर पाण्याने धुऊन, पूर्ण वाळल्यावरच भरते. ओल्या नळीत दाणा गच्च होतो आणि त्यावर बुरशी धरते. पिसं फुगवून बसलेला, जवळ गेलं तरी न उडणारा पक्षी दिसला तर फीडर किमान दोन आठवडे उतरवायचे आणि पक्ष्यांना पांगू द्यायचं, असं ठरवून ठेवलं आहे.

२० मे

काकूंच्या कठड्यावर आता चुकून एखादं कबूतर. खोकला कमी आहे म्हणाल्या. कंपोस्टच्या कोपऱ्यातल्या वाटेवर कोळ्याचं जाळं आहे, म्हणजे तिथून कुणी जात नाही.

१८ जून

पावसाला सुरुवात. गवताला लवकरच बी धरेल आणि किडेही मुबलक होतील, तेव्हा दाणा निम्म्यावर आणला आहे. शेंगदाणे कुणी आणून दिले तरी या दिवसांत ठेवत नाही. ओल्या शेंगदाण्यांवर येणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते आणि ते पक्ष्यांच्या यकृताला घातक असतं.

नळकांड्याखालची होज क्लिप गंजली आहे, ती निसटली तर अडथळा घसरून खाली बसेल. स्टेनलेस स्टीलची क्लिप आणायची आहे. ताटलीच्या जाळीत राळ्याचं ओलं पीठ अडकतं, ती सुटी काढता येईल अशी करायला हवी. पेरूची पावसाळी वाढ खांबाच्या दिशेने होते, दर पंधरवड्याला टेपने अंतर मोजायचं. काकूंनाही खांब हवा आहे. त्यांच्या बागेत ३ मीटर मोकळी जागा तीनच बाजूंना मिळते, चौथ्या बाजूला भिंत आहे. त्यासाठी भिंतीच्या माथ्यावर गुळगुळीत पत्र्याची उतरती पट्टी लावून खारीला उडीसाठी पाय रोवता येणार नाही असं करून बघू. पत्रा शनिवारी कापायला टाकते.